केबलने जोडलेला फोन गाडीच्या स्क्रीनवरून सारखा जातो: कोकणातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले म्हणजे फोनमधला नकाशा, गाणी, कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणायच्या सोयी, पहिली अँड्रॉइड फोनसाठी, दुसरी आयफोनसाठी. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून त्यांच्याबद्दल हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. बहुतेक जण आधी फोनच्या सेटिंगमध्ये शिरतात आणि शेवटी केबलकडे बघतात. किनाऱ्यावर हा क्रम उलटा हवा. इथे दोष बहुधा केबल, पिन नाहीतर पोर्टमध्ये निघतो. खालचे प्रश्नही त्याच क्रमाने लावले आहेत. सगळी तपासणी गाडी उभी करून करा. चालवताना केबलला हात लावू नका.

१. फोन चार्ज होतोय, मग स्क्रीनवर का येत नाही?

साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन डेटाच्या. फोन चार्ज होतोय याचा अर्थ विजेच्या दोन तारा शाबूत आहेत, एवढाच. काही स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. त्या केबलने चार्जिंग छान होईल, पण स्क्रीन कधीच लागणार नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. नकाशा, गाणी, कॉल हे सगळं फोनमध्येच चालतं. फोन तयार चित्र स्क्रीनकडे पाठवतो आणि तुमच्या बोटाचा स्पर्श स्क्रीन फोनकडे परत पाठवते. चार्जिंग क्षणभर थांबलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण डेटाची तार क्षणभर सुटली की सगळी जोडणी पहिल्यापासून करावी लागते.

२. घाटात गेलं की बंद पडतं. हा केबलचा दोष का?

पुष्कळदा नाही. आंबा, कुंभार्ली, आंबोली, गगनबावड्याची वाट, कुठल्याही घाटात मोबाइलचं नेटवर्क मध्येमध्ये जातंच. नकाशा स्क्रीनवर दिसतोय पण पुढचा भाग करडा आहे, गाणं अडकलंय, रस्ता नव्याने शोधता येत नाही, असं असेल तर नेटवर्क गेलंय. केबल बदलून काही होणार नाही. निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे उतरवलेल्या नकाशावर वाट दिसत राहते. कशेडीच्या बोगद्यात मात्र जीपीएसही पोचत नाही. तिथे बाण थांबला तर बाहेर पडेपर्यंत वाट बघा.

स्क्रीन एकदम गाडीच्या स्वतःच्या मेन्यूवर किंवा रेडिओवर गेली आणि त्याच क्षणी फोनने चार्जिंग सुटल्याचा इशारा दिला, तर मात्र जोडणी तुटलीय. पुढचे प्रश्न त्यासाठीच आहेत.

३. पैसे खर्च करण्याआधी दोष कुठे आहे ते कसं शोधू?

अदलाबदल करून. ज्याच्या गाडीत फोन व्यवस्थित जोडलेला राहतो अशा शेजाऱ्याची किंवा मित्राची केबल आणि फोन थोडा वेळ मागून घ्या.

आधी फक्त केबल बदला. त्याच्या केबलवर तुमचा फोन नीट चालला तर दोष तुमच्या केबलचा, आणि प्रश्न मिटला. नाही चालला तर त्याच केबलने त्याचा फोन तुमच्या गाडीला लावा. त्याचा फोन टिकला आणि तुमचा टिकत नसेल तर तुमच्या फोनचा पोर्ट किंवा सेटिंग बघायची (प्रश्न ६, ११, १२). त्याचाही तुटला तर गाडीचा पोर्ट किंवा स्क्रीन. खात्री करायला तुमचा फोन त्याच्या गाडीत लावून बघा.

दरवेळी एकच गोष्ट बदला आणि नेहमीच्या खराब रस्त्यावरून एक फेरी मारा. दारात उभ्या गाडीत पाच मिनिटं चाललं म्हणजे दुरुस्त झालं असं नाही.

४. केबल कुठली घेऊ? महागाची घेतली तर टिकेल का?

किंमत आणि वॅट बघून घेऊ नका. छापील वॅट चार्जिंगचे असतात, डेटाचे नाहीत. स्क्रीनसाठी जुन्या यूएसबी २.० चा वेग, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट, पुरेसा आहे. बघायचं ते एवढंच: डेटा केबल असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असावं, नावाजलेल्या कंपनीची किंवा फोनबरोबर आलेली असावी, आणि लांबी एक मीटरच्या आत असावी. एक मीटरची मर्यादा गुगलनेच अँड्रॉइड ऑटोसाठी सांगितली आहे. यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) आणि जोडकेबल वापरू नका, हेही त्याच सूचनेत आहे. आयफोन १५ पासून, म्हणजे २०२३ पासून, टाइप-सी पोर्ट आहे. त्याआधीच्या लाइटनिंगच्या (ॲपलच्या जुन्या पोर्टच्या) आयफोनला ॲपलची मान्यता असलेलीच केबल घ्या.

एसटी स्टँडवर टांगलेली केबल रात्रीच्या चार्जिंगपुरती ठीक आहे. घाटातला रस्ता तिच्या भरवशावर सोडू नका. गिअरचा दांडा किंवा हँडब्रेक केबलला लागत असेल तर काटकोनात वळलेल्या टोकाची केबल बरी पडते.

५. आमचं घर समुद्रालगत आहे. केबल आणि पिना टिकतच नाहीत. खारा वारा कारण असू शकेल का?

हो, आणि किनाऱ्यावर याची शंका सर्वात आधी घ्यावी. लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे बारीक कण हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर आत येतात. हर्णै, मालवण, वेंगुर्ला, श्रीवर्धनला धक्क्यावर काचा खाली करून गाडी उभी केली तर ते डॅशबोर्डवर, पोर्टमध्ये, केबलच्या उघड्या टोकावर बसतात. कोरड्या हवेत ते पडून राहतात. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आपल्याकडे पावसाळ्यात तर आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे पिनेवर खाऱ्या पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो.

पिन विजेला जोडलेली असेल तर हाच थर तिला खातो. शेजारशेजारच्या पिनांमध्ये पाच व्होल्टचा फरक असतो, मध्ये खारं पाणी असतं, आणि धातू झिजायला लागतो. वरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. तो गेला की आतलं तांबं हिरवं पडतं किंवा विजेची पिन काळी होते.

याची एक खूण पक्की आहे. केबल दोन-तीनदा आत-बाहेर केली की लागतं, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. पिन घासली गेली की वरचा थर निघतो, म्हणून तेवढ्यापुरतं चालतं. असं होत असेल तर सेटिंग बदलण्यात वेळ घालवू नका, साफसफाईकडे वळा.

काळजी साधी आहे. समुद्राजवळ गाडी लावताना काचा वर घ्या. न वापरायची केबल सिलिका जेलच्या पुडीबरोबर झिपच्या पिशवीत ठेवा. गाडीच्या पोर्टला रबरी झाकण मिळत असेल तर बसवा.

६. पोर्ट घरी साफ करता येईल का? कशाने?

येईल, पण हलक्या हाताने. फोन बंद करा आणि टॉर्चच्या उजेडात आत बघा. खिशातला कापसाचा भुगा आणि आपली तांबडी धूळ दाबली जाऊन तळाशी घट्ट थर होतो. त्यामुळे केबल पूर्ण आत बसत नाही. प्लग आणि फोन यांच्यात बारीक फट दिसली की हेच कारण समजा. लाकडी टूथपिकने कडेकडेने भुगा सुटा करा आणि मऊ कोरड्या ब्रशने काढा. टाइप-सी पोर्टच्या मधोमध पातळ जीभ असते, तिच्यावर जोर देऊ नका. सेफ्टी पिन, सुई, हेअरपिन अजिबात नको.

गाडीच्या पोर्टसाठी आधी इग्निशन बंद करा. इलेक्ट्रॉनिक काँटॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशला लावून पिना पुसा. थेट आत भरपूर फवारू नका. पूर्ण वाळल्याशिवाय काही जोडू नका. खोबरेल तेल, ग्रीस, हँड सॅनिटायझर यांपैकी काही घालू नका. तेलाला धूळ चिकटते आणि सॅनिटायझरमध्ये पाणी असतं.

पिन हिरवी किंवा काळी झाली असेल, किंवा तिच्यावर खड्डे पडले असतील, तर साफ करून फार दिवस चालणार नाही. केबल असेल तर टाकून द्या. खराब केबल चांगल्या पोर्टलाही बिघडवते. गाडीचा पोर्ट बहुतेक गाड्यांत सुटा बदलता येतो, पूर्ण स्क्रीन बदलावी लागत नाही.

७. पावसात फोन ‘पोर्टमध्ये ओलावा आहे’ असं सांगतो आणि केबल घेतच नाही. काय करू?

फोनचं ऐका. केबल लगेच काढा. फोनच्या पोर्टचं तोंड खाली करून तळहातावर हळूच आपटा, म्हणजे आतलं पाणी बाहेर येईल. मग हवा खेळती असेल अशा कोरड्या जागी ठेवा. अर्ध्या तासाने पुन्हा लावून बघता येतं, पण पूर्ण वाळायला एखादा दिवसही लागू शकतो. गाडीत एसी चालू असेल तर व्हेंटजवळची कोरडी हवा कामाला येते, गरम ब्लोअर मात्र नको. तांदळाच्या डब्यात फोन ठेवू नका. तांदळाचे बारीक कण आत जातात आणि ॲपलनेही ते करू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. कापूस किंवा टिश्यू आत कोंबू नका.

केबलचं टोकही तितकंच ओलं असतं, हे विसरलं जातं. तेही वाळवा. तोवर गाण्यांसाठी ब्लूटूथ आहेच.

पाऊस नाही, फोन भिजलेला नाही, तरी इशारा येत असेल तर पोर्टमध्ये मीठ किंवा भुगा साचला असण्याची शक्यता मोठी (प्रश्न ६). आयफोनवर इशारा डावलून तातडीने चार्ज करायची सोय मिळते. जिवावर बेतलेल्या वेळेसाठी ती ठेवा, गाण्यांसाठी वापरू नका.

८. खड्डा लागला की तुटतं, सरळ रस्त्यावर ठीक. पोर्ट सैल झालाय का?

बहुधा हो. लूज काँटॅक्ट कुठल्या टोकाला आहे ते बघा. गाडी उभी ठेवून इंजिन चालू करा. आधी गाडीकडचं टोक दोन बोटांनी हलकेच हलवा, मग फोनकडचं, मग मधली केबल. ज्या वेळी स्क्रीन जाईल तिथे दोष.

जुना चपटा यूएसबी-ए पोर्ट मानकाप्रमाणे १,५०० वेळा केबल काढण्या-घालण्यासाठी बनवलेला असतो, टाइप-सी १०,००० वेळा. दिवसातून चार वेळा केबल काढली-घातली तर १,५०० चा आकडा सव्वा वर्षाच्या आतच भरतो. म्हणून गाडी रोज चालत असेल तर केबल गाडीच्या बाजूला लावूनच ठेवा, फोनकडचं टोक तेवढं काढा. प्रश्न ५ मधला सल्ला याच्या उलट वाटेल, पण तो उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी आहे. पावसाळ्यात गाडी आठवडाभर खळ्यात उभी राहणार असेल तर दोन्ही टोकं काढून ठेवा.

फोन सुटा ठेवला की प्रत्येक धक्क्याला त्याचं वजन प्लगवर येतं. फोन होल्डरमध्ये घट्ट बसवा आणि केबलला थोडा झोल ठेवा.

९. गाडीत तीन पोर्ट आहेत. कुठल्याही पोर्टला लावलं तर चालतं का?

नाही. बहुतेक गाड्यांत एकच पोर्ट स्क्रीनला जोडलेला असतो, आणि तो बहुधा पुढे असतो. त्याच्याजवळ यूएसबीचं त्रिशूळासारखं चिन्ह किंवा फोनचं चित्र असतं. विजेचं चिन्ह असलेले आणि मागच्या सीटचे पोर्ट सहसा फक्त चार्जिंगचे. गाडीच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं.

१०. इंजिन चालू करताना एकदा लागतं, लगेच जातं, मग पुन्हा येतं. बिघाड आहे का?

सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर खाली येतो आणि स्क्रीन पुन्हा सुरू होऊ शकते. इंजिन चालू झाल्यावरच केबल लावा, त्रास जातो. रेल्वे फाटकात आपोआप इंजिन बंद-चालू होणाऱ्या गाडीत असं प्रत्येक वेळी होत असेल तर बॅटरी तपासून घ्या. वर्षभर गावी उभी असलेली आणि गणपतीला बाहेर काढलेली गाडी असेल तर तपासाच. दाभोळ-धोपावे किंवा दिघी-आगरदांडा फेरीबोटीत गाडी बंद केल्यावर स्क्रीन गेली तर तो बिघाड नव्हे.

११. केबल नवी, पोर्ट साफ, तरी अँड्रॉइड फोन पाच-दहा मिनिटांनी सुटतो. सेटिंगमध्ये काय बघू?

ठरावीक वेळाने तुटणं ही सेटिंगची खूण आहे. खड्ड्यांशी त्याचा संबंध दिसणार नाही. बॅटरी वाचवण्यासाठी अनेक कंपन्यांचे फोन मागे चालणारी ॲप बंद करतात, आणि त्यात अँड्रॉइड ऑटोही सापडतं. ॲपच्या माहितीत जाऊन अँड्रॉइड ऑटो, गूगल ॲप आणि गूगल प्ले सर्व्हिसेस या तिघांची बॅटरी ‘अनिर्बंध’ करा. बॅटरी सेव्हर बंद ठेवा.

अँड्रॉइड १० पासून अँड्रॉइड ऑटो फोनमध्येच असतं, त्याचं वेगळं आयकॉन दिसत नाही. सेटिंगमध्ये नाव टाकून शोधा. तिथे ‘आधी जोडलेल्या गाड्या’ पुसून टाका, स्क्रीनवरही तुमचा फोन काढून टाका आणि नव्याने जोडा. जोडताना फोन अनलॉक ठेवा आणि येईल ती परवानगी द्या. लॉक असताना सुरू होण्याची परवानगीही इथेच मिळते. डेव्हलपर पर्यायांत यूएसबीची मूळ पद्धत ‘फाइल ट्रान्सफर / अँड्रॉइड ऑटो’ करून ठेवली तर काही फोन ‘फक्त चार्जिंग’वर अडकून बसायचे थांबतात.

१२. आयफोनचं काय?

सिरी (आयफोनची आवाजावर चालणारी मदतनीस) चालू हवी, नाहीतर कारप्ले सुरूच होत नाही. स्क्रीन टाइमच्या निर्बंधांत कारप्ले बंद केलेलं नाही ना, ते बघा. मुलांसाठी निर्बंध लावलेल्या फोनवर हे नेहमी सापडतं. सेटिंगच्या जनरलमधल्या कारप्लेमध्ये गाडी ‘विसरा’ करून पुन्हा जोडा. फोन तासाभरापेक्षा जास्त वेळ लॉक असेल तर सुरक्षेसाठी तो केबलवरून येणारी जोडणी नाकारू शकतो. एकदा अनलॉक करा, किंवा लॉक असताना ॲक्सेसरीजना परवानगी द्या.

१३. काल चालत होतं, आज ‘सुरक्षा’ किंवा ‘प्रमाणपत्र’ असा काहीतरी संदेश येतो.

गाडीची आणि फोनची तारीख-वेळ बघा. दोन्ही उपकरणं जोडण्याआधी एकमेकांची डिजिटल ओळख तपासतात आणि तारीख चुकली की ती ओळख बाद ठरते. बॅटरी बदलल्यावर किंवा वायर काढल्यावर गाडीचं घड्याळ मागे जातं. तारीख बरोबर असेल आणि फोनचं नुकतंच अपडेट झालं असेल तर दोन्ही उपकरणं पूर्ण बंद करून चालू करा, जोडणी पुसून नव्याने करा, आणि सर्व्हिस सेंटरला स्क्रीनचं नवं सॉफ्टवेअर आलंय का ते विचारा.

१४. मे महिन्यात फोन तापतो आणि चार्जिंग थांबतं. त्यामुळेच तुटतं का?

थेट नाही. तापल्यावर फोन आधी चार्जिंग थांबवतो, डेटा चालू राहू शकतो. फारच तापला तर मात्र सगळं थांबवतो. आयफोनसाठी बाहेरचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं ॲपल सांगतं, आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या कितीतरी वर जातो. फोन काचेखालून काढून एसीच्या व्हेंटजवळ लावा. जुन्या पोर्टमधून अर्धा अँपिअरच मिळतो, त्यामुळे नकाशा चालू असताना बॅटरी उतरत गेली तर तो जोडणीचा दोष नाही.

१५. चाकरमानी भाऊ गावी आला की माझा फोन लागत नाही. असं का?

त्याचा फोन आधी त्या गाडीला वायरलेस जोडलेला असेल तर गाडी तोच पकडते. त्याच्या फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि मग तुमची केबल लावा.

१६. स्क्रीन बाहेरून बसवून घेतलीय. वरचं सगळं करून झालं.

मग डॅशबोर्डच्या आत बघा. बसवताना स्क्रीनच्या मागून एक जोडकेबल काढून पुढच्या कप्प्यात आणलेली असते. तिची लांबी अधिक तुमच्या केबलची लांबी एक मीटरच्या बरीच पुढे जाते, आणि मधला सांधा नुसता लोंबकळत असतो. फिटरला सांगून ती आखूड आणि चांगल्या प्रतीची करून घ्या, सांधा टेपने बांधा, आणि स्क्रीनची अर्थिंग बॉडीला नीट स्क्रूने घट्ट केलीय का ते बघा. गंजलेल्या पत्र्यावर बसवलेली अर्थिंग किनाऱ्यावर फार दिवस टिकत नाही.

१७. वायरलेस अडॅप्टर (गाडीच्या पोर्टला लावायचा, फोन बिनकेबलचा जोडणारा छोटा डबा) घेतला तर कटकट मिटेल का?

दोष फोनच्या पोर्टमध्ये किंवा केबलमध्ये असेल तर मिटेल. अडॅप्टर एकदा लावला की रोज काढ-घाल नाही, हा फायदाही खरा. पण तो गाडीच्या त्याच यूएसबी पोर्टवर चालतो. तो पोर्ट सैल किंवा गंजलेला असेल तर अडॅप्टरही तसाच सुटेल. आधी प्रश्न ३ मधली अदलाबदल करा, मगच घ्या.

१८. गाडीत पुराचं पाणी शिरलं होतं. दुरुस्तीनंतर सगळं चाललं, आता महिन्यांनी स्क्रीन तुटायला लागली.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात गाळ आणि क्षार असतात, आणि ते सीटखालच्या व कन्सोलच्या मागच्या जोडांमध्ये बसून राहतात. गंज हळूहळू वाढतो, म्हणून त्रास उशिरा दिसतो. इथे पोर्ट पुसून किंवा बदलून भागत नाही. पोर्टपासून स्क्रीनपर्यंतच्या वायरिंगचा प्रत्येक जोड उघडून बघायला सांगा. त्याबरोबर एअरबॅगच्या वायरिंगचीही तपासणी करून घ्या, आणि त्या वायरींना स्वतः हात लावू नका.

१९. सर्व्हिस सेंटरला गेलो की गाडी शहाण्यासारखी वागते आणि ‘दोष नाही’ म्हणून परत पाठवतात.

नोंद घेऊन जा. कधी तुटतं ते लिहा: खड्ड्यावर, पावसात, इंजिन चालू करताना, की ठरावीक मिनिटांनी. कुठला फोन, कुठली केबल, दुसऱ्या फोनवर काय झालं, हेही. शेजारी बसलेल्याला तुटतानाचा व्हिडिओ काढायला सांगा. त्यात स्क्रीन आणि फोन दोन्ही दिसू देत. तक्रार जॉबकार्डवर लिहून घ्या, म्हणजे वॉरंटी संपण्याआधी ती मांडल्याचा पुरावा राहतो. आणि मेकॅनिकला शेजारी बसवून खराब रस्त्यावर फेरी मारायचा आग्रह धरा. तुमची केबल काढून घेऊन त्यांच्याच केबलने फेरी मारा. ‘केबल तुमची खराब’ हे उत्तर मग देता येत नाही.